हयातीचा दाखला

मैथिली मेलीय असं कॉम्प्युटरनं सांगितलं, तेव्हा ती माझ्या शेजारी बसून केळ्याचे वेफर्स खात होती.

जयप्रकाशच्या हॉलमध्ये आम्ही चौघं जमलो होतो. मी, वीणा, तिचा नवरा नंदकुमार आणि त्यांची ही एकुलती एक पोरगी. जयप्रकाश म्हणजे कुवेतमधल्या सालमियात राहणारा पुण्याचा अकाउंटंट. स्वतःची दोन्ही पोरं अमेरिकेला धाडलीत, त्यामुळं इकडची निम्मी मराठी माणसं सल्ल्याला त्याच्याच दारात. त्याच्या बायकोनं, स्वप्नानं, आम्ही यायच्या आधीच सोफ्यावर जुनी चादर अंथरून ठेवलेली. नंदकुमार अहमदीतल्या छतांवरचे एसी दुरुस्त करून तसाच तिथं आला होता, अंगाला घामाचा न् गॅसचा वास. चादर बघून तो बसलाच नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. मला असा संताप आला म्हणता, मी मुद्दाम चादर बाजूला सारून सोफ्यावर बसले. चांगली ऐसपैस.

फॉर्म आठवड्याभरापूर्वीच भरला होता. तेव्हा जयप्रकाशनं आम्हाला शाळेतल्या मास्तरासारखं समजावलेलं. "मैथिली जन्मानं अमेरिकन सिटिझन आहे, म्हणून सरकारी स्टुडंट लोन तिला मिळू शकतं. आईवडील भारतीय, राहतात कुवेतला, त्यानं अडत नाही. एकच फॉर्म, फॅफ्सा म्हणतात त्याला, आणि तो फुकट असतो. कुणी पैसे मागितले तर समजायचं चोर आहे. मुलीनं आपलं खातं उघडायचं, तुम्ही दोघांनी आपापलं. आईवडिलांच्या नावावरचं लोन वेगळं, ते तुम्हाला मिळणार नाही, तिथं आईबाप पण तिकडचे लागतात. पण मुलीचं मुलीला मिळेल. सही तिची, फेड शिक्षण झाल्यावर."

"आन् जामीन?" नंदकुमारनं विचारलं होतं.

"जामीन नाही लागत."

"आसं कसं?" नंदकुमारला पटेना. इथल्या बँकेत त्याला आधी दारावरच्या शिपायानं अडवलं होतं आणि मग आतल्या बाईनं कुवेती जामीन आण म्हणून हसून परत पाठवलं होतं. ओहायोतल्या कॉलेजनं पोरीची निम्मी फी माफ केलेली. नंदकुमारनं गावाकडचं साठवलेलं काढलं, तरी मधला खड्डा उरलाच. तो ह्या लोननं भरला तर पोरगी ऑगस्टात जाणार. नाहीतर कवठेमहांकाळला आजीकडं जाऊन बसणार. आजीनं स्थळं बघायला आधीच सुरुवात केलेली.

तर त्या दिवशी जयप्रकाशनं कॉम्प्युटर उघडला, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाला, "हे काहीतरी विचित्र आहे. म्हणतायत की तुम्ही दिलेला सोशल सिक्युरिटी नंबर मयत व्यक्तीचा आहे."

"म्हंजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्यांच्या नोंदीप्रमाणं मैथिली वारलीय."

पोरगी हसायला लागली. "आय ॲम डेड? कूल." आणि तिनं आणखी एक वेफर तोंडात टाकला.

वीणा मात्र उठली. बेसिनवर जाऊन हात धुवायला लागली. आम्ही नर्सा, आम्हाला हात धुवायची सवयच, म्हणून आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. पण ती धूतच राहिली. शेवटी स्वप्नानं जाऊन नळ बंद केला.

*

ही पोरगी अमेरिकेत जन्मली कशी, ते आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. वीणा तेव्हा एका मोठ्या घरी म्हातारीची खाजगी नर्स होती. त्या म्हातारीला सगळे हज्जिया म्हणत. हज्जियाला उपचाराला ह्यूस्टनला नेलं, सोबत वीणाला नेलं. वीणाला दिवस गेलेले, पण अजून अवकाश होता, म्हणून ती गेली. आणि पोरगी आधीच आली, तिथंच. "नशीब काढून आली गं," असं जो तो म्हणायचा. मीही म्हणालेय. वीणा त्यावर कधी हसली नाही, हे मला आत्ता आठवतं. तेव्हा कुणाला वेळ होता बघायला!

जलीबमध्ये आमचा फ्लॅट एकच. एका खोलीत ते तिघं, दुसरीत मी, किचन न् बाथरूम वाटून. वीणा आणि मी दोघी मिरजेला शिकलेल्या, क्लिनिकही एकच, सकाळची पाळी आणि परत संध्याकाळची पाळी. त्यामुळं तिच्या घरातलं मला न विचारता कळायचं. पोरगी पलंगाच्या एका कडेला झोपायची, भिंतीला चिकटून, बाकीचा पलंग मोकळा. लहानपणापासून. मी म्हणायची, "अगं, पडशील की. सरक इकडं." ती झोपेतच म्हणायची, "नको, बास आहे."

आणि तिला हाक मारली की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेला द्यायची. आमच्या गावाकडं म्हाताऱ्या सांगतात, दिवेलागणीनंतर एका हाकेला ओ देऊ नये, ते दुसरंच काही असतं म्हणून. मी वीणाला गमतीनं म्हणायची, "तुझ्या पोरीला कुणी शिकवलं गं हे?" वीणा म्हणायची, "ऐकायला कमी येत असंल." कान तपासले होते तिनं पोरीचे. कान ठणठणीत.

*

जूनभर तौज चालू होता. म्हणजे धुळीचं वादळ. सकाळी उठावं तर खिडकीबाहेर बिल्डिंगच नाही, नुसता पिवळा उजेड. ओली फडकी खिडकीच्या फटीत कोंबायची, तासाभरात ती चिखलानं भरायची. भात खाताना दाताखाली कचकच. नंदकुमार छतावर काम करायचा, पत्र्याला नुसता हात लागला तरी फोड यायचे. घरी आल्यावर वीणा त्याच्या तळव्यांना मलम लावायची.

पोरगी रोज संध्याकाळी अमेरिकेला फोन लावायची. तिकडं सकाळ व्हायची तेव्हा. फोन स्पीकरवर ठेवून गाणं ऐकत बसायची, मग एखादी बाई यायची. पोरगी नाव सांगायची, नंबर सांगायची. मग तिकडं शांत व्हायचं. मग ती बाई म्हणायची, "तुमचं त्या व्यक्तीशी नातं काय?"

"आय ॲम दॅट पर्सन," पोरगी सांगायची.

एकदा एका बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, तुमच्या दुःखात सहभागी आहोत. सवयीनंच म्हणाली असणार बिचारी. पोरीनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघत बसली.

"अंजू मावशी, माझं बीपी बघ ना."

"कशाला गं? चांगली घोड्यागत आहेस."

"बघ ना."

मी पट्टा बांधला, बीपी बघितलं. सगळं नॉर्मल. तिला सांगितलं. ती म्हणाली, "परत बघ." मी परत बघितलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. त्या पिवळ्या उजेडात तिचा हात माझ्या हातात गार लागला. एसीमुळं असेल.

नंदकुमार म्हणाला, "एवढं काय मनावर घ्यायचं? गावाकडं आमचा आबा दरसाल बँकेत जातोय न्हवं, हयातीचा दाखला द्यायला? अंगठा लावला की झालं, जित्ता हाय म्हणून. तसंच हे बी."

जयप्रकाशही फोनवर तेच म्हणाला. अशा चुका होतात, कुणीतरी चुकीचं बटण दाबलं असेल. अमेरिकेच्या दूतावासात अर्ज करायचा, पोरीनं समक्ष जायचं. जन्माच्या वेळी हजर असलेल्या कुणाचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर उत्तम. "कोण होतं तिथं?"

"हज्जियाची पोरगी होती की, फातिमा," नंदकुमार पटकन म्हणाला आणि त्यानं लगेच वीणाकडं बघितलं.

"नको," वीणा म्हणाली. जोरात म्हणाली. तिचा एवढा आवाज मी क्लिनिकमध्येसुद्धा कधी ऐकला नव्हता.

पोरीनं आईकडं बघितलं, मग बापाकडं. "व्हाय नॉट?"

"ती मोठी माणसं आहेत. आपण कशाला त्रास द्यायचा."

"आई, माझं सगळं कॉलेज जाईल. एक सही मागायचीय फक्त."

त्या आठवड्यात वीणाचं कामातलं लक्ष उडालं. एका पेशंटला तिनं नाव विचारलं, त्यानं सांगितलं, तिनं परत विचारलं, त्यानं परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो माणूस उठून सुपरवायझरकडं गेला. सुपरवायझर आमच्यापेक्षा निम्म्या वयाची. तिनं सगळ्यांसमोर वीणाला झापलं, "सिस्टर, झोप येत असेल तर घरी जा." वीणा मान खाली घालून उभी राहिली. मी मधे पडणार होते, पण वीणानंच माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "अंजूताई, शुक्रवारी खैरानला जाऊ. तू चल सोबत."

"मी कशाला?"

"मला एकटीला जमायचं नाही."

*

खैरान पार दक्षिणेला, समुद्राकाठी. पैसेवाल्यांचे बंगले, त्यांना शाले म्हणतात. नंदकुमारनं कुणाची तरी पिकअप मागून आणली. पुढं ते तिघं दाटीवाटीनं, मागच्या सीटवर औजारांच्या पेट्यांमध्ये मी. धुळीनं रस्ता दिसत नव्हता. दुपारचा एक वाजलेला आणि गाड्यांचे दिवे लागलेले. पोरगी फोनवर तिच्या होणाऱ्या हॉस्टेलचे फोटो बघत होती.

शालेंची रांग सुनसान. एवढ्या तौजात कोण येतंय समुद्रावर! फाटकांवर वाळू चढलेली, एक झोपाळा आपोआप हलत होता. आमच्यासाठी दार उघडलं ते फातिमानं स्वतः. साठीची बाई, हातात काठी. हिंदी चांगली बोलायची, घरात सगळे नोकर आपल्याकडचे.

"वीणा! कितने साल हो गए!" तिनं वीणाला जवळ घेतलं. मग तिची नजर पोरीवर गेली. काठी टेकत ती जवळ आली, पोरीची हनुवटी वर उचलली आणि म्हणाली, "माशाल्ला. ये वो छोटी वाली है?"

पोरगी म्हणाली, "छोटी वाली?"

"बड़ी वाली तो..." फातिमा बोलता बोलता थांबली. वीणाकडं बघितलं. "इसको बताया नहीं?"

खिडकीच्या काचेवर वाळू चरचरत होती. नंदकुमार पायताण काढता काढता वाकलेला, तो तसाच वाकून राहिला. मी बाळंतपणं केलीत, मढी झाकलीत, पण असली भीती मला कधी वाटली नव्हती.

फातिमानं आम्हाला बसवलं. सोफा पांढरा शुभ्र, त्यावर चादर बिदर काही नव्हती. वीणा सोफ्यावर न बसता खाली गालिच्यावर बसली आणि तिथूनच, पोरीकडं न बघता, बोलायला लागली.

"दोघी झाल्या होत्या. पहिली चांगली भरलेली. तिला काचेच्या पेटीत ठेवायचीसुद्धा गरज नाही म्हणाले. दुसरी एवढीशी. ओंजळीत मावंल एवढी. नळ्या घातलेल्या. डॉक्टर म्हणाले, आशा ठेवू नका."

"व्हिच वन ॲम आय?" पोरगी म्हणाली.

"दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची बाई नावं विचारायला आली. मी म्हणलं, आमच्यात बाराव्या दिवसाआधी नाव ठेवत नाहीत, बारसं झाल्याशिवाय नाव घ्यायचं नसतं. ती म्हणाली, नावाशिवाय नंबर मिळत नाही, दाखला मिळत नाही. सारखी यायची. दोन पोरी पोटातनं काढलेल्या, टाके ओले, मला भांडायचं बळ नव्हतं. म्हणलं, चांगली आहे तिचं लिहा. मैथिली. आणि बारकीचं राहू दे. बाराव्याला बघू. राहिली तर."

नंदकुमारनं डोळे पुसले. तो तेव्हा कुवेतमध्येच होता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती.

"मग थोरलीला ताप आला. नवव्या दिवशी गेली. आणि बारकी... तू... श्वास घेतच राहिलीस. कुणाला वाटलं नव्हतं. बारावा दिवस आला. सासूबाईंना मी फोनवर सांगून बसले होते, मैथिली झालीय, बाळसेदार आहे, म्हणून. मैथिलीचा दाखला आलेला, नंबरचं कार्ड फातिमाबाईंच्या तिथल्या पत्त्यावर येणार होतं. सगळे कागद तयार. माझ्या मांडीवर एक पोरगी होती, तिला नाव नव्हतं. आणि एक नाव होतं, त्याची पोरगी गेलेली. मी ते हिला दिलं. आणि तेच घेऊन हिला इकडं आणलं."

"मी पण हो म्हणलो," नंदकुमार म्हणाला. "तिच्या एकटीवर नको घालूस, बाळा."

पोरीनं फातिमाकडं वळून विचारलं, "व्हेअर इज शी?"

फातिमानं फोन काढला. वीणाला तेव्हा हॉस्पिटलातून बाहेर सोडत नव्हते. बाळाला पुरायचं एवढं तिनं सांगितलं, आपल्यातही तान्ह्याला जाळत नाहीत. म्हणून फातिमा आणि तिचा भाऊ जाऊन पुरून आले. पुढं फातिमा तपासणीला दरवर्षी ह्यूस्टनला जायची तेव्हा तिथं फुलं ठेवून यायची. तिनंच दगड बसवला. फोटो काढायची.

पोरीनं फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. मला तिच्या खांद्यावरून दिसलं. गवतात एक बुटका दगड, त्यावर मैथिली नंदकुमार, आडनाव, आणि दोन तारखा. पहिली तारीख हिचा वाढदिवस.

तिनं तो फोटो किती वेळ बघितला, सांगता येत नाही. मग ओठ हलवून स्वतःशीच ते नाव वाचलं, अक्षरओळख नुकतीच झाल्यासारखं. आणि फोन फातिमाला परत दिला.

"थँक यू फॉर द फ्लॉवर्स," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी नंदकुमारनं जयप्रकाशला सगळं सांगितलं. जयप्रकाश चांगला माणूस आहे, चादरीचं सोडा. त्यानं अर्धा तास विचार करून उलट फोन केला. आम्ही चौघं किचनमध्ये उभे होतो, फोन ओट्यावर.

"दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक, वहिनींनी शपथेवर सांगायचं की गेली ती दुसरी मुलगी. बिननावाची. हॉस्पिटलनं चुकून मैथिलीच्या नावावर मृत्यू टाकला. कोण तपासतंय आता? नोंद बदलली की नंबर जिवंत, लोन सुरू, ऑगस्टात मुलगी कॉलेजात."

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"दुसरा म्हणजे खरं सांगायचं. दुसऱ्या बाळाची जन्मनोंद तिकडं असणारच. ती मुलगीसुद्धा अमेरिकन, तिलाही लोनचा हक्क आहे, पुरेपूर आहे. पण तिला नाव नाही, नंबर नाही, पासपोर्ट नाही. सगळं पहिल्यापासून. ह्या पासपोर्टाचं काय करतील ते मी सांगू शकत नाही. कॉलेज जानेवारीपर्यंत जागा ठेवेल की नाही, तेही नाही."

"पयलाच बरा," नंदकुमार लगेच म्हणाला. "गेलेली पोर गेली. तिला काय फरक पडतोय आता? जित्तीचं बघायला पायजे."

वीणा म्हणाली, "मी घेते शपथ. अठरा वर्षं तेच तर करतेय." आणि कांदा चिरायला लागली. सुरी जोरात आपटत होती.

पोरगी फ्रिजला टेकून उभी होती. ती मराठीत बोलली, एरवी महत्त्वाचं असलं की इंग्रजीत जायची. "आई, एक सांग. तुला माहीत होतं ना दोघी आहेत? सोनोग्राफी झाली असणार."

"होतं."

"मग दोन नावं ठरवली असशील. एक मैथिली. माझं कुठलं ठरवलं होतं?"

वीणाची सुरी थांबली.

"सांग ना. मला फक्त ऐकायचंय."

"दोन ठरवली होती," वीणा म्हणाली. "दुसरं योगिनी होतं. पण तुला बघितल्यावर... तुझ्याकडं बघून मी ते नाव मनातसुद्धा घेतलं नाही. तू राहशील असं मला वाटलंच नव्हतं, बाळा. मी रोज काचेपाशी येऊन तू गेलीस का ते बघत होते." आणि ती मटकन खाली बसली, कांद्याच्या सालींवरच. मी पुढं झाले, पण पोरीनं मला हातानं थांबवलं. ती स्वतःच आईशेजारी फरशीवर बसली.

"म्हणजे तू माझी वाट बघत होतीस. जायची," ती म्हणाली.

"हो."

"ओके."

किचनमध्ये एसी नाही. सगळ्यांच्या अंगातून घाम निथळत होता. पोरीनं आईच्या हातातली सुरी काढून घेतली, ओट्यावर ठेवली आणि फोनकडं तोंड करून म्हणाली, "जयप्रकाश काका, आम्ही खरं सांगणार. शी डाइड. तिचं एवढं एकच तर झालंय. ते पण मी घेऊ का?"

*

दूतावासात काचेपलीकडं एक तरुण अधिकारी होता, गोरा, केस विरळ झालेले. मला आत सोडलं नाही, मी बाहेर कडेच्या सावलीत उभी राहिले. आतलं नंदकुमारनं नंतर सांगितलं. वीणानं उजवा हात वर केला आणि सगळं सांगितलं, एकदाही अडखळली नाही. अधिकाऱ्यानं मधेच पोरीला विचारलं, तुझं नाव काय? तिनं सांगितलं, "मला अजून नाव नाही." तो काही लिहिणार होता, त्यानं लिहिलं नाही. त्यानं पासपोर्ट ठेवून घेतला. हे लांबेल म्हणाला, पण दुसऱ्या बाळाची नोंद शोधू म्हणाला. त्यानं खुर्चीवरून उठून काचेतून पोरीकडं नीट बघितलं, असं नंदकुमार दोनदा बोलला.

कॉलेजला जयप्रकाशनं पत्र लिहून दिलं. जानेवारीपर्यंत जागा ठेवतो, असं उत्तर आलं. तोवर नाव, नंबर झाला तर फॅफ्सा नव्यानं भरायचा. नाही झाला तर जागा गेली. एवढं आमच्या हातात आहे.

घरी आल्यावर वीणा अंघोळीला गेली आणि बाथरूममधून तिचा आवाज आला. आधी मला वाटलं पाइप फुटला. मग कळलं, रडतीय. अठरा वर्षांचं रडणं ते, माणसाच्या घशातून यावं असं नव्हतं. ओल्या केसांनी बाहेर आली, चटई टाकली, तिच्यावर बसली आणि गावाकडच्या बायका रडतात तशी हेल काढून रडायला लागली. मैथिले गं, माझे बाई गं, मला सोडून कशी गेलीस गं, मला तुझं तोंडसुद्धा नीट बघू दिलं नाहीत गं. मी तिला धरून बसले. आणि नाव निघालं की दर वेळी माझं मन दचकायचं, कारण पोरगी समोरच उभी होती, बाटल्यांमध्ये पाणी भरत.

तान्ह्याचं कसलं आलंय सुतक, नियमानं काही नसतं. पण मी म्हणलं, असू दे. तिनं धरलं तर धरू दे. चूल बंद ठेवली, क्लिनिकमध्ये रजा टाकली. बिल्डिंगीत बातमी पसरली, निम्मी खरी, निम्मी काहीच्या काही. क्लिनिकमधल्या मुली येऊन बसल्या. दार पोरगीच उघडायची. पाणी द्यायची, आत बसवायची. बायका रडत आत जायच्या आणि तिच्या हातचं पाणी ओठाला लावून तसंच खाली ठेवायच्या. कुणी तिला नावानं हाक मारेना. "ए, जरा इकडं ये गं," असं म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालचा किराणावाला रामभाऊ आला. सोलापूरचा, पोरगी रांगत होती तेव्हापासून तिला चॉकलेटं देणारा. गावाहून परवाच परतलेला, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. हातात पेढ्यांचा बॉक्स. पोरीनं दार उघडलं, मी तिच्या मागंच होते.

"काय मैथिलीबाई!" रामभाऊ तोंडभर हसला. "अमेरिकेला निघाली म्हनं तू. हे घे, तोंड गोड कर आदी."

आतून वीणाचा हेल ऐकू आला. रामभाऊचं हसू ओसरलं. "कोन गेलं?"

"मैथिली गेली, काका," पोरगी म्हणाली. "आई आत बसलीय. भेटून घ्या."

रामभाऊनं आधी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग त्याची नजर हळूहळू खाली आली आणि तिच्या पावलांवर थांबली. ती सरळ आहेत ना ते बघत होता तो. पोरीला ते कळलं. तिनं पाय मागं घेतले नाहीत, उलट जरा पुढं केले, त्याला नीट दिसावेत म्हणून.

"मग तू गं कोन?" त्यानं विचारलं.

"मी तिची धाकटी बहीण," ती म्हणाली आणि त्याच्या हातातून पेढ्यांचा बॉक्स घेतला. रामभाऊनं चपला काढल्या आणि तिला वाट सोडून, भिंतीच्या कडेकडेनं आत गेला.